घाटाखालचा एक दिवस

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात रामनगर येथे मंडळाच्या मंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मंडपात एक तरी मोठे व्याख्यान होते. यंदा पावसामुळे ठरलेले पाहुणे येऊ शकले नाहीत, म्हणून मंडळाने आम्हाला उभे केले. आम्ही सरकारी नोकर, शिक्षण डिप्लोमापर्यंत. आमच्याकडून व्याख्यान होणार नाही, गप्पा होतील. विषय दिला आहे ‘सीमेपलीकडची सहल’. सीमा हा शब्द ऐकला की आपल्या भागात लोक कान टवकारतात. काळजी करू नका, त्या जुन्या विषयाला आम्ही हात लावणार नाही. पेन्शनला अजून बरीच वर्षे आहेत. आज बोलायचे आहे ते अनमोडच्या सीमेबद्दल, जी ओलांडून आपण सगळे सणाचा बाजार करायला आणि भाजी-पाव खायला गोव्यात जातो.

आपला जोयडा तालुका क्षेत्रफळाने मोठा, पण बाजारपेठेच्या हिशेबाने लहान. जिल्ह्याचे ठिकाण कारवार, ते अणशी घाटाच्या पलीकडे. साड्या, भांडी आणि मोठा दवाखाना म्हटले की बेळगाव. पण चतुर्थीचा बाजार म्हटला की आपल्या घरातल्या बायकांच्या तोंडी नाव येते ते फोंड्याचे. रामनगरहून निघायचे, अनमोडचा नाका, मग घाट, घाट उतरला की मोले, पुढे धारबांदोडा, उसगावचे तिस्क, आणि रस्ता बरा असेल तर दीड-दोन तासांत फोंडा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मुक्काम नाही, हॉटेलचे भाडे नाही, आणि तरीही पोरांना शाळेत सांगायला ‘आम्ही गोव्याला गेलो होतो’ हे वाक्य मिळते.

परवाच्या रविवारी आमची तीन घरे मिळून बारा जण भाड्याची गाडी करून गेलो होतो. आम्ही डिप्लोमावाले, अंदाजपत्रक केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. डिझेल, चहा, जेवण, बाजार आणि ‘इतर’ असे पाच रकाने केले होते. अनुभवी मंडळींना सांगायला नको, की शेवटचा रकानाच सगळ्यात मोठा होतो.

निघताना एक नियम घरातल्या सर्व पुरुषांना समजावून सांगितला, तो इथेही सांगतो. परवान्याशिवाय गोव्याची बाटली घाट चढवून आणायची नाही. अनमोडला अबकारी नाका आहे आणि ते लोक आपले काम करतात. पुष्कळ जण विचारतात की आता सगळीकडे एकच कर झाला, मग दारू आणि पेट्रोलचाच भाव का वेगळा? त्याचे उत्तर सोपे आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, तेव्हा साबण, साडी, मिक्सर यांच्यावरचा कर दोन्हीकडे सारखा झाला. पिण्याची दारू आणि पेट्रोल-डिझेल मात्र जीएसटीच्या बाहेर राहिले. त्यांच्यावर प्रत्येक राज्य आपला कर लावते. म्हणून सीमेपलीकडे या दोन गोष्टींचा भाव बदलतो. गाडीच्या टाकीत जेवढे मावते तेवढे इंधन आणावे, बाकीचा मोह तिथेच सोडावा.

मोल्याला गाडी थांबली. पाऊस नुकताच उघडला होता. गरम पाव, पातळ भाजी, वर कापलेला कांदा, बाजूला एक मिरची-भजे. आपल्याकडे पावभाजी म्हणतात ती ही नव्हे. ही गोव्याची भाजी, कधी चवळीची, कधी वाटाण्याची, कधी बटाट्याची, आणि दोन पदार्थ मिसळून मागवायची पद्धत. पोरांनी तीन-तीन पाव संपवले. घरी चपातीचा दुसरा घास घेताना हीच पोरे रडतात.

तिथून थोडी वाट वाकडी करून तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ पाहिले. कदंबांच्या काळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले हे देऊळ आहे. रानात, ओढ्याच्या काठी, लहानसे, पण कोरीव काम असे की आमच्यासारख्या सिमेंटच्या माणसाने मान खाली घालावी. हा काळा दगड त्या जागचा नव्हे, घाटावरून खाली नेलेला आहे, असे सांगतात. आमच्यातल्या एका पोराने विचारले, ‘ट्रक नसताना कसा नेला?’ उत्तर आमच्याकडे नव्हते, पण तो प्रश्न दिवसभर आमच्याबरोबर राहिला. कारण या घाटातून काय खाली जाते आणि काय वर येते, हीच आजच्या बोलण्याची खरी गोष्ट आहे.

जरा जुने आठवू या. रेल्वे आणि डांबरी रस्ते होण्याच्या आधी लमाणांचे बैलांचे तांडे घाटातून जात-येत. वरून धान्य खाली जाई, खालून गोव्याच्या मिठागरांतले मीठ वर येई. मग १८८० च्या दशकात मुरगाव बंदराकडे जाणारी रेल्वे झाली आणि आपल्या तालुक्यातले कॅसलरॉक हे इंग्रजांच्या मुलखाचे शेवटचे स्टेशन झाले. पलीकडे पोर्तुगीजांचे कुळे. इथल्या जुन्या लोकांनी ऐकले असेल, कॅसलरॉकला प्रवाशांच्या ट्रंका उघडून तपासत. म्हणजे आज आपण ज्या सीमेवर ‘बाटली आहे का?’ एवढ्या प्रश्नावर सुटतो, तिथे कधीकाळी दोन देशांची हद्द होती.

१९५५ साली सत्याग्रह झाला, सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारत सरकारने सीमा बंद केली, रेल्वेही थांबली. घाटावरची भाजी खाली जाणे बंद झाले. तेव्हा पोर्तुगीजांनी बटाटे हॉलंडहून आणि चहा सिलोनहून आणवला, असे त्या काळाबद्दल लिहिलेले आहे. विचार करा, बेळगावचा बटाटा काही तासांच्या अंतरावर, आणि गोव्याच्या ताटात हॉलंडचा बटाटा! १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि घाट पुन्हा वाहता झाला. आज गोव्याच्या मंडईतली पुष्कळशी भाजी बेळगावकडूनच जाते. घाटाने कधी एकाच दिशेची वाहतूक मान्य केलेली नाही.

फोंड्याला पोचायला अकरा वाजले. आधी देवदर्शन, मग बाजार, ही आमच्या घरची शिस्त. कवळ्याची शांतादुर्गा, मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, या सगळ्यांची एक हकिकत पोरांना सांगितली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टीकडची देवळे पाडायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी मूर्ती रातोरात नदीपार आणल्या. फोंड्याचा भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. मंगेश कुशस्थळीहून १५६० साली इथे आला. म्हणजे ज्या देवांच्या पाया पडायला आपण सीमा ओलांडून जातो, ते देवही सीमा ओलांडूनच तिथे आलेले आहेत. या रामनगरातल्या निम्म्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. काळी नदीवर गणेशगुडीला धरण झाले, सुपे पाण्याखाली गेले, आणि तिथली घरे आपापले देव उचलून इथे आली. जागा सुटते, पण देव आणि बाजार माणूस बरोबर घेऊन येतो.

जेवणाबद्दल सांगितल्याशिवाय सहल पूर्ण होत नाही. श्रावण संपला होता, पण गणपती होईपर्यंत घरात मासे नाहीत, हा नियम गाडीतही चालतो असा निर्णय महिला मंडळाने अनमोडलाच जाहीर केला. आमच्यातल्या दोन मत्स्यप्रेमींनी शेजारच्या टेबलावरच्या तळलेल्या बांगड्याकडे पाहत शाकाहारी ताट संपवले. पण ताट असे होते की तक्रारीला जागा नाही. उकडा भात, मुगागाठी, खतखते, सोलकढी, शेवटी हळदीच्या पानातली पातोळी. खतखत्यात किती भाज्या आहेत हे मोजायची पैज लागली. नऊपर्यंत एकमत झाले, दहावीवर वाद झाला. ती सुरण आहे की अळूचा कांदा, हे वाढणाऱ्या बाईंनी हसून सांगितलेच नाही.

आणि मग बाजार. चतुर्थीच्या आधीचा फोंड्याचा माटोळीचा बाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एकदा तरी पाहावा. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला फळे, फुले, रानातले वेल बांधायचे, ही पद्धत आपल्याकडेही घराघरांत आहे. गोव्यात तिला एवढा मान आहे की सरकारचे कला व संस्कृती खाते माटोळीची स्पर्धा घेते आणि लोक शेकडो प्रकारचे जिन्नस बांधतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना नारळ, सुपारीची शिपटी, केळीचे घड, तवशी, चिबूड, तोरिंग, कवंडळ, कांगले. ओल्या मातीचा आणि हळदीच्या पानांचा वास. रेटारेटी भरपूर, पण सण जवळ आल्याची खूण तिथेच पटते.

एका कडेला फरशीवर पोते पसरून एक बाई बसली होती. तिच्यापुढे तवशी, हळदीच्या पानांच्या जुड्या, दोन सुपारीची शिपटी आणि कांगले. आमच्या वहिनींनी तवशाचा भाव विचारला. तिने सांगितला. वहिनींनी नेहमीप्रमाणे त्यात काटछाट केली आणि विचारले, ‘गावठी आहे ना?’

‘गांवठीच गो बाये,’ ती म्हणाली.

घासाघीस चालू असताना आम्ही आपापसात रामनगरच्या गाडीची वेळ बोलत होतो. ते ऐकून ती हसली. ‘तुमी रामनगरचीं? हांव तिनयघाटची.’

तिनईघाट म्हणजे आपलाच तालुका! तिचे तवसे तिच्या परसातले, हळद तिच्या परसातली. पहाटे निघून, दोन गाड्या बदलून ती फोंड्याला आली होती. आणि आम्ही बारा माणसे भाड्याची गाडी करून तिच्या मागोमाग तेच तवसे विकत घ्यायला आलो होतो. वहिनींनी घासाघीस तिथेच थांबवली आणि सांगितलेला भाव दिला. मग त्यांनी तिच्याजवळ बसून विचारले, ‘बाई, मग गावठी का म्हणालात? आमच्या जोयड्याचे आहे म्हणून सांगायचे.’

तिने दिलेले उत्तर आम्ही आमच्या खर्चाच्या वहीत लिहून आणले आहे. ‘घाटावयलें म्हणल्यार धा रुपया उणे दितात.’ घाटावरचे म्हटले की दहा रुपये कमी देतात.

मंडळी, या एका वाक्यासाठी आम्ही आज इथे उभे आहोत. गोव्यात ‘गावठी’ या शब्दाला भाव आहे. गावठी काकडी, गावठी अंडी, गावठी भेंडी. गिऱ्हाईक त्यासाठी जास्त पैसे देते, कारण गावठी म्हणजे परसातले, खताच्या पोत्याशिवाय वाढलेले, अशी त्याची खात्री असते. ‘घाटावरचे’ म्हणजे ट्रकमधून आलेले, ढिगाने पिकवलेले, स्वस्त. आता तिनईघाटच्या परसातले तवसे या दोहोंपैकी कोणते? गुणाने गावठी, पत्त्याने घाटावरचे. म्हणून ती बाई गुण सांगते आणि पत्ता लपवते. त्यात तिचे खोटे काही नाही. तोट्यात आहे ते आपल्या तालुक्याचे नाव.

हेच थंडीत कंदांच्या बाबतीत होते. आपल्या कुणबी बांधवांच्या शेतात आणि परसात जे कंद निघतात, ती मुडली, ते कोन, ते करांदे, त्यांचा मेळावा दर थंडीत जोयड्याला भरतो. लांबून लोक बघायला येतात, फोटो काढतात, पिशव्या भरून नेतात. एका मुडलीच्या कंदाला हात लावून पाहिला तर कळते की ते पीक घ्यायला किती घाम लागतो. पण मेळाव्याचा दिवस सरला, की तोच कंद घाट उतरताना नाव टाकून उतरतो.

नाव म्हणजे काय, हे आपल्या आजूबाजूला बघा. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवले. काणकोणच्या खोल गावच्या मिरचीला ते आहे, खाज्याला आहे. आपल्या राज्यात ब्याडगीच्या मिरचीला आहे. आपल्याच जिल्ह्यात शिरसीच्या सुपारीला २०१९ साली मिळाले. म्हणजे वस्तू तीच, पण गावाचे नाव लागले की गिऱ्हाईक घासाघीस कमी करते. जोयड्याचे नाव लागल्यावर दहा रुपये कमी न होता दहा रुपये जास्त का होऊ नयेत?

आता आम्ही सरकारी माणसे, त्यामुळे सूचना मांडताना एक-दोन-तीन असे आकडे घातल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

एक. सहल बंद करायची नाही. कोणी असा अर्थ काढू नये की आम्ही फोंड्याचा बाजार सोडा असे सांगायला उभे राहिलो. गोव्याचा पाव, माडाचा काळा गूळ, आमसुले, खाजे, काजू हे तिथलेच घ्यावे आणि पोटभर खावे. वर्षभर दप्तरात आणि शेतात मान मोडून काम करणाऱ्या माणसाला असा एक दिवस हवाच. घरातल्या बाईला त्या दिवशी स्वयंपाक नसतो, हे एकच कारण पुरेसे आहे.

दोन. जाताना गाडी रिकामी न्यायची नाही. दरवर्षी या गावातून चतुर्थीच्या आठवड्यात किती गाड्या खाली जातात ते मंडळाने मोजावे. प्रत्येक गाडीच्या टपावर दोन पोती मावतात. तिनईघाट, अनमोड, कुंभारवाडा या बाजूच्या ज्या बाया पहाटे दोन गाड्या बदलून जातात, त्यांचा माल आपल्या गाडीतून खाली जाऊ शकतो. एखादी जागा रिकामी असेल तर त्याही येऊ शकतात. आम्ही परतीला त्या बाईला गाडीत जागा देऊ केली होती. ती म्हणाली, माल संपला नाही, शेवटच्या गाडीने येईन. पुढल्या खेपेला तिला सकाळीच घेऊन जायचे, असे आमच्या तीन घरांत ठरले आहे.

तीन. पाटी. पुठ्ठ्याची चालेल. देवनागरीत मोठ्या अक्षरात ‘जोयडा तालुका, परसातले’. फोंड्यात देवनागरी वाचणारे गिऱ्हाईक आहे. गोव्याची राजभाषा कोकणी, तीही देवनागरीत, आणि मराठीचाही वापर तिथे चालतो. आपल्या मंडळात चांगले अक्षर असलेली मुले आहेत. आरतीचे फलक रंगवून झाले की त्यांना दहा पुठ्ठे द्यावेत. पहिल्या वर्षी कदाचित दहा रुपये कमीच येतील. दुसऱ्या वर्षी जुने गिऱ्हाईक पाटी शोधत येईल. रस्ता बांधतानाही पहिल्या थराला कोणी शाबासकी देत नाही, पण वरचे डांबर त्याच्यावरच टिकते.

चार. आणि ही सूचना थोडी कडक आहे. माटोळीसाठी जे न्यायचे ते परसातले, कुळागरातले, शेताच्या बांधावरचे. आपल्या तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथल्या रानातून वेल-फळे ओरबाडून आणणे कायद्यात बसत नाही, आणि पुढच्या वर्षी तिथे काही उरतही नाही. कांगल्याचा वेल कुंपणावर चढतो. हळद तर सगळ्यांच्या दारात आहे. जे लावता येते ते लावावे. बाजारात नाव टिकवायचे असेल तर माल दरवर्षी यायला हवा.

संध्याकाळी पाचला आम्ही फोंडा सोडले. पावसाळ्यात घाट अंधार पडायच्या आत चढलेला बरा. धुके कधी उतरेल सांगता येत नाही, आणि समोरून लोखंडाचे ट्रक असतात. उसगावला पोयांची पिशवी घेतली, ती मोल्यापर्यंतच अर्धी संपली. पोरे झोपली, बायकांचा हिशेब चालू होता की कुणाचे शिपटे कुणाच्या पिशवीत गेले. अंदाजपत्रकातला ‘इतर’ हा रकाना अपेक्षेप्रमाणे फुगला होता, पण यंदा त्याच्या खाली तिनईघाटच्या बाईचे ते एक वाक्य लिहिलेले होते.

गणपती हा विघ्नहर्ता, पण तो व्यापाऱ्यांच्या वहीच्या पहिल्या पानावरचाही देव आहे. नव्या वहीत आपण ‘श्री गणेशाय नमः’ लिहितो आणि मगच जमाखर्च मांडतो. आपल्या घरांच्या वहीत गोव्याच्या नावाने खर्चाची बाजू भरलेली आहे, ती तशीच भरलेली राहू दे, त्यात आनंद आहे. जमेच्या बाजूला मात्र यंदा जोयड्याचे नाव लिहायला सुरुवात करू या. ज्यांच्या परसात तवसे, हळद किंवा मुडली आहे, त्यांनी आरतीनंतर मंडळाच्या टेबलावर आपले नाव आणि माल किती निघेल ते लिहून द्यावे. वही ठेवली आहे, पेनही बांधून ठेवले आहे.

एवढे बोलून आम्ही थांबतो. 

गणपती बाप्पा मोरया!